हयातीतच करावी शेतजमिनीची व्यवस्था : मृत्युपत्र, बक्षीसपत्र आणि कौटुंबिक विश्वस्त निधी



गेल्या हिवाळ्यात सांगोला भागातील एका शेतकरी मेळाव्यात डाळिंबाच्या आंबे बहाराविषयी बोलण्यास गेलो होतो. पाण्याचा ताण, पानगळ, छाटणी, पहिले पाणी असा नेहमीचा विषय झाला. प्रश्नोत्तरे आटोपली आणि मंडळी चहाला निघाली, तेव्हा साठी ओलांडलेले एक बागाईतदार जवळ आले व म्हणाले, "सर, बहाराचं समजलं. पण माझ्या माघारी या बागंचं काय, ते कोण सांगणार?" त्यांचा एक पुतण्या अमेरिकेत नोकरीस आहे. तिकडे बहुतेक लोक 'लिव्हिंग ट्रस्ट' करतात, तुम्हीही करा, असे त्याने फोनवर सांगितले होते. हा ट्रस्ट आपल्या सातबाऱ्याला चालतो का, असा त्यांचा सरळ प्रश्न होता.

मी कृषिविद्येचा व्याख्याता आहे, वकील नाही. तरीही हा प्रश्न मला टाळता आला नाही, त्याचे कारण घरचे आहे. आमच्या आजोबांनी तिन्ही मुलांना तोंडी वाटणी करून दिली होती. बांध ठरले आणि जो तो आपापला तुकडा कसू लागला. विहीर मात्र चुलत्यांच्या गटात होती. तिच्या पाण्याच्या पाळ्या सगळ्यांना तोंडपाठ होत्या, कागदावर एकही नव्हती. २०११ साली वडील वारले. वारसनोंद लावण्यास गेलो तेव्हा सातबारा अजून आजोबांच्याच नावावर असल्याचे समजले. मागील सर्व वारस चढवता चढवता उताऱ्यावर चौदा नावे झाली. पुढे २०१२-१३ चा दुष्काळ आला. पाणी आटले तशी पाळीची भाषा बदलली आणि आमच्या दीड एकर मोसंबीला पाणी मिळेना. ठिबकचा प्रस्ताव करावा तर सर्व सहहिस्सेदारांची संमती हवी, आणि त्यांतील एक चुलतभाऊ सुरतेत. मी त्या वेळी एम.एस्सी. (कृषी) करीत होतो. मोसंबीच्या ताणावर पुस्तके वाचत होतो आणि घरची बाग वाळत होती. चुलत्यांनाही दोष देता येत नाही. त्यांच्याकडेही लिहिलेले काही नव्हते.

त्या बागाईतदारांबरोबर पुढील काही महिन्यांत तीन-चार वेळा बसलो. त्यांच्या वकिलांशीही बोललो. त्यातून जे शिकलो ते या लेखात मांडत आहे.

आपल्यामागे काय होते?

काहीही लिहून न ठेवता हिंदू शेतकरी पुरुष मरण पावला, तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे त्याची स्वतःची मालमत्ता पत्नी, मुलगे, मुली आणि आई हयात असल्यास आई यांना समान वाट्याने जाते. मुलगी विवाहित असो वा नसो, तिचा वाटा मुलाइतकाच असतो. आधी वारलेल्या मुलाच्या किंवा मुलीच्या वारसांनाही त्यांचा वाटा मिळतो. वारसांनी तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, मृत्यूच्या दाखल्यासह वर्दी द्यावी. गाव नमुना ६-क मध्ये चौकशी होऊन फेरफार धरला जातो. हा अर्ज आता ई-हक्क प्रणालीवरूनही करता येतो. शासनाने १ एप्रिल २०२५ पासून राज्यभर 'जिवंत सातबारा' मोहीम घेतली, ती मयत खातेदारांची नावे वर्षानुवर्षे उताऱ्यावर राहिल्यामुळेच.

वारसनोंद म्हणजे वाटणी नव्हे, हे मात्र नीट समजून घ्यावे. नोंदीने नावे चढतात. कोणता तुकडा कोणाचा, विहिरीवर कोणाचा किती हक्क, पाइपलाइन कोणाच्या बांधावरून जाणार, यांतील काहीच ठरत नाही. भांडण नेमके येथेच सुरू होते. अमेरिकेत लिव्हिंग ट्रस्ट करण्यामागे एक मोठे कारण असते, ते म्हणजे मृत्यूनंतर मालमत्ता न्यायालयाच्या दीर्घ व खर्चिक प्रक्रियेतून जाऊ नये. आपल्याकडील शेतकऱ्याची अडचण वेगळी आहे. त्याला न्यायालयापेक्षा सामाईक सातबारा आणि सामाईक विहीर जास्त छळते. म्हणून तिकडचा कागद इकडे जसाच्या तसा उचलून चालणार नाही.

आधी जमीन कोणाची ते ठरवावे

कोणत्याही व्यवस्थेपूर्वी प्रत्येक गटाची चौकशी करावी. सातबारा, आठ-अ आणि जुने फेरफार काढून ती जमीन आपल्याकडे कशी आली ते पाहावे. स्वतः खरेदी केलेली जमीन स्वकष्टार्जित होय. तिची विल्हेवाट आपण आपल्या मर्जीने लावू शकता. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या जमिनीत मात्र मुलांचा आणि मुलींचा जन्मतः हिस्सा असतो. मुलींना हा हक्क देशभर ९ सप्टेंबर २००५ पासून मिळाला. महाराष्ट्राने १९९४ मध्येच त्या वेळी अविवाहित असलेल्या मुलींसाठी तशी तरतूद केली होती. पुढे ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, २००५ साली वडील हयात नसले तरी मुलीचा हा हक्क जात नाही. त्यामुळे "पोरीचं लग्न करून दिलं, आता तिचा काय संबंध" हे बोलणे कायद्यापुढे टिकत नाही.

एक गैरसमज येथे दूर करावा. वडिलांकडून आलेली प्रत्येक जमीन वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाचीच असते, असे नाही. वडिलांची स्वतःची जमीन त्यांच्या मृत्यूनंतर १९५६ च्या कायद्याने वाट्यास आली असेल, तर ती सामान्यतः आपली स्वतःची समजली जाते. ही बाब बारकाईची आहे. जुने फेरफार वकिलास दाखवूनच निर्णय घ्यावा.

एकत्र कुटुंबातील आपला अविभक्त हिस्सा मृत्युपत्राने देता येतो. तो इतर सहदायकांच्या संमतीशिवाय बक्षीस देता येत नाही, तद्वतच ट्रस्टमध्येही घालता येत नाही. त्यासाठी आधी वाटणी व्हावी लागते. सर्वांची संमती असल्यास महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ प्रमाणे तहसीलदारांकडे अर्ज करून धारण जमिनीची वाटणी करता येते. नोंदणीकृत वाटणीपत्राचाही मार्ग आहे आणि शेतजमिनीच्या वाटणीपत्रास मुद्रांक शुल्क नाममात्र आहे. तुकडेबंदी कायद्याचे प्रमाणभूत क्षेत्र मात्र पाहावे लागते. भोगवटादार वर्ग २ ची जमीन आणि आदिवासी खातेदाराची जमीन यांच्या हस्तांतरणास स्वतंत्र बंधने आहेत. तेथे परवानगीशिवाय पाऊल टाकू नये.

मृत्युपत्र आणि बक्षीसपत्र

मृत्युपत्र हा सर्वांत स्वस्त आणि बहुतेक कुटुंबांना पुरेसा मार्ग आहे. त्यास मुद्रांक शुल्क नाही. नोंदणी सक्तीची नाही, तरी करून घ्यावी. मृत्युपत्र करणाऱ्याने सही किंवा अंगठा करावा आणि किमान दोन साक्षीदारांनी त्याच्यासमोर सह्या कराव्यात. ज्याला जमीन मिळणार आहे त्यास साक्षीदार करू नये, तसेच त्याला लेखनाच्या वेळी पुढे पुढे करू देऊ नये. साक्षीदार आपल्यापेक्षा वयाने लहान असावेत. शंभर पावसाळे पाहिलेला साक्षीदार न्यायालयात यायला हवा तेव्हा नसतो. त्याच दिवशी डॉक्टरांचा प्रकृतिस्वास्थ्याचा दाखला घ्यावा. एखाद्या वारसास कमी दिले असेल, तर त्याचे कारण दोन ओळींत लिहावे. मृत्युपत्र हयातीत कितीही वेळा बदलता येते आणि शेवटचेच खरे मानले जाते. मुस्लिम बांधवांना त्यांच्या व्यक्तिगत कायद्याप्रमाणे वारसांच्या संमतीशिवाय साधारण एक तृतीयांशापर्यंतच मालमत्ता मृत्युपत्राने देता येते. गोव्यात जमीन असणाऱ्यांनी तेथील वेगळ्या उत्तराधिकार कायद्याची माहिती घ्यावी.

मृत्युपत्रात "माझी सर्व शेती थोरल्यास" एवढेच लिहिण्याची पद्धत फार वाईट. गट क्रमांक, क्षेत्र हेक्टर-आरमध्ये, चतुःसीमा, विहीर, बोअर, मोटारीचे वीजजोड, पाइपलाइन, वहिवाटीचा रस्ता, बांधावरची झाडे हे सर्व लिहावे. आमच्या घरी "विहिरीचे पाणी तिघांना आठवड्यातून दोन-दोन दिवस" एवढे एक वाक्य कागदावर असते तर आमची मोसंबी वाचली असती.

बक्षीसपत्र नोंदवले की जमीन त्याच दिवशी जाते. महाराष्ट्रात २०१५ पासून पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातू, नात व मयत मुलाची पत्नी यांना शेतजमीन किंवा राहते घर बक्षीस दिल्यास मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. स्थानिक अधिभार व नोंदणी फी यांची चौकशी दुय्यम निबंधक कार्यालयात करावी. शुल्क कमी म्हणून घाईने सर्व जमीन मुलाच्या नावे करणारे आईबाप मी पाहिले आहेत. त्यांतील काहींना पुढे औषधाला पैसे मागावे लागले. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाच्या २००७ च्या कायद्यातील कलम २३ प्रमाणे, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता सांभाळ न केल्यास रद्द करून मागता येते. मात्र ती अट बक्षीसपत्रात स्पष्ट लिहिलेली असावी. तोंडी अट सिद्ध करणे कठीण जाते. असा अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे करावा लागतो.

विश्वस्त निधी म्हणजे काय?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आपल्याकडे ट्रस्ट म्हटले की देवस्थान किंवा शिक्षण संस्था आठवते. ते सार्वजनिक न्यास होत आणि त्यांची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे होते. कुटुंबातील ठरावीक व्यक्तींसाठी केलेला निधी हा खाजगी विश्वस्त निधी होय आणि त्यास १८८२ चा भारतीय विश्वस्त कायदा लागू होतो. त्याचा धर्मादाय आयुक्तांशी संबंध नाही.

याची कल्पना सोपी आहे. समजा, आपण परगावी निघालो आणि बैलजोडी शेजाऱ्याच्या दावणीला बांधून "यांच्यावर माझ्या लेकराची पेरणी करून दे" असे सांगितले. बैल शेजाऱ्याच्या ताब्यात, काम मात्र लेकराचे. येथे सांगणारे आपण निर्माता, शेजारी विश्वस्त आणि लेकरू लाभार्थी. विश्वस्ताच्या नावे मालमत्ता असते, परंतु तिचे उत्पन्न त्याने लाभार्थ्यासाठीच वापरायचे असते. जमिनीचा निधी करावयाचा असेल तर विश्वस्तपत्र लेखी, सहीचे आणि नोंदणीकृत असावे लागते, किंवा तो मृत्युपत्राने करावा लागतो. निर्माता स्वतःही पहिला विश्वस्त होऊ शकतो. हयातीत स्वतः कारभार पाहायचा आणि आपल्यामागे नेमलेल्या माणसांनी तो पुढे चालवायचा, हीच अमेरिकेतील लिव्हिंग ट्रस्टची रीत होय.

हयातीत केलेला निधी पुढे मोडता यावा असे वाटत असेल, तर रद्द करण्याचा अधिकार विश्वस्तपत्रातच राखून ठेवावा. तो राखला नाही तर सर्व सज्ञान व सक्षम लाभार्थ्यांच्या संमतीशिवाय निधी मोडता येत नाही. मृत्युपत्राने केलेला निधी मात्र मृत्युपत्रासारखाच केव्हाही बदलता येतो. जमीन पिढ्यान्‌पिढ्या बांधून ठेवता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे. खाजगी निधीस कायद्याने काळाची मर्यादा घातली आहे. देणे बुडविण्यासाठी किंवा कमाल जमीनधारणा कायद्यातून सुटण्यासाठी केलेला निधी टिकत नाही.

खर्चाची बाजू आता पाहू. मुलाला बक्षीस देताना जी २०० रुपयांची सवलत मिळते ती विश्वस्तपत्रास नाही. जमीन विश्वस्तांकडे सोपवली तर खरेदीखताच्या दराने शुल्क लागू शकते. म्हणून मसुदा मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयास देऊन शुल्क आधीच ठरवून घ्यावे. गावपातळीवर असा दस्त क्वचितच येतो, त्यामुळे फेरफारास वेळ लागतो. विश्वस्त शेतकरी असावेत, नाहीतर कुळकायद्याचे कलम ६३ आडवे येते. पीएम-किसानसारख्या योजनेत संस्थात्मक जमीनधारकांना लाभ नाही. तेव्हा नोंद कोणाच्या नावे आणि कशी होते, याचा विचार मसुदा करतानाच व्हावा.

हे सर्व पाहता माझे मत स्पष्ट आहे. मुले सज्ञान आहेत, शहाणी आहेत आणि एकमेकांशी बोलतात, अशा घरात ट्रस्टची गरज नाही. तेथे वाटणी आणि चांगले मृत्युपत्र पुरेसे आहे. परंतु घरात अज्ञान नातवंडे असतील, व्यसनी मुलगा असेल किंवा स्वतःचा व्यवहार कधीच पाहू शकणार नाही असे अपत्य असेल, तर नुसते नाव सातबाऱ्यावर चढवून भागत नाही. कागदोपत्री तो मालक होतो आणि प्रत्यक्षात ज्याच्या ताब्यात जमीन तो मालक होतो. तेथे विश्वस्त निधीच उपयोगी पडतो.

त्या बागाईतदारांनी काय केले?

त्यांच्या घरची स्थिती अशीच होती. थोरला मुलगा शेती करतो. मुलगी विवाहित आहे आणि धाकटा मुलगा चोवीस वर्षांचा, बौद्धिक अपंगत्व असलेला. बागेत पाण्याच्या नळ्या उचलून ठेवतो, फळे मोजतो, पण पैशाचा हिशोब त्याला समजत नाही. जमीन आठ एकर. त्यांपैकी तीन एकर वडिलोपार्जित जिरायत आणि पाच एकर त्यांनी स्वतः १९९४ साली घेतलेली. या पाच एकरांत विहीर आणि तीन एकर डाळिंब आहे. "आम्ही दोघं गेल्यावर याला कुणी जेवायला घालंल का, एवढंच बघायचंय," असे त्यांच्या पत्नीने मला सांगितले. पहिल्या बैठकीत त्या एवढेच बोलल्या.

वडिलोपार्जित तीन एकरांची वाटणी त्यांनी तूर्त केली नाही. धाकट्याचाही त्यात हिस्सा आहे आणि त्याच्या वतीने संमती कोण देणार, हा प्रश्न आधी सुटायला हवा. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याप्रमाणे स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अपंगत्व व बहुविकलांगता असलेल्या व्यक्तीसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समिती कायदेशीर पालक नेमते. मूल अठरा वर्षांचे झाले की आईबापांचे पालकत्व आपोआप संपते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. त्यांनी हा अर्ज केला आहे. ज्यांच्या घरी असे अपत्य आहे त्यांनी ते अठराचे होताच हा अर्ज करावा.

पाच एकरांपैकी विहिरीखेरीजची दोन एकर जमीन थोरल्यास बक्षीसपत्राने दिली. त्यात आईवडिलांच्या सांभाळाची अट लिहिली आणि विहिरीतून पाणी नेण्याचा हक्क पाळ्यांसह लिहिला. डाळिंबाची तीन एकर बाग सरळ विश्वस्त निधीत घालण्याचा त्यांचा विचार होता. शुल्काचा अंदाज आल्यावर त्यांच्या वकिलांनी मधला मार्ग सुचविला. सध्या काही रकमेचा एक छोटा निधी धाकट्यासाठी लेखी विश्वस्तपत्राने स्थापन करायचा आणि जमीन मृत्युपत्राने त्याच निधीच्या विश्वस्तांकडे सोपवायची. रकमेच्या निधीस जमिनीइतके शुल्क नाही. निधी हयातीतच सुरू झाल्याने विश्वस्तांना कारभाराची सवय लागते आणि कोण कसा वागतो तेही डोळ्यांनी दिसते. मृत्युपत्र बदलण्याची मुभा तर राहतेच. मला हा मार्ग फार व्यवहार्य वाटला.

विश्वस्त नेमताना मात्र घरात वाद झाला. वडील, आई आणि मुलगी असे तिघे विश्वस्त ठरले. वडिलांच्या मागे त्यांच्या जागी धाकट्याचे मामा. थोरल्याचे नाव नव्हते. तो रुसला. "बाग मी राखली आणि विश्वास बहिणीवर?" असे तो बोलला आणि दोन दिवस शेतावरच झोपला. त्याचे म्हणणे वरवर पाहता खरे होते. परंतु विश्वस्त कायद्याच्या कलम ५३ प्रमाणे विश्वस्तास न्यायालयाच्या परवानगीशिवाय निधीची मालमत्ता स्वतः विकत घेता येत नाही किंवा भाडेपट्ट्यानेही घेता येत नाही. कलम ५१ प्रमाणे निधीतून स्वतःचा फायदाही करता येत नाही. थोरला विश्वस्त झाला असता तर उद्या हीच बाग वाट्याने कसण्याचा करार करणे त्याला अडचणीचे गेले असते. बाहेर राहिल्यामुळे तो विश्वस्तांशी रीतसर लेखी करार करू शकतो. अमुक वाटा त्याच्या कष्टाचा, अमुक निधीचा. हे वकिलांनी समजावल्यावर तो शांत झाला. त्याचा वाटा किती असावा, यावर आणखी एक बैठक लागली, ते वेगळे.

विश्वस्तपत्रात शेतीचे काय लिहावे?

येथे मला माझ्या विषयाचे बोलता येईल. वकिलाचा मसुदा कायद्याला पक्का असतो, शेतीला असतोच असे नाही. सदर मसुद्यात पहिले वाक्य होते, "विश्वस्तांनी डाळिंब बाग कायम राखावी." वाचायला हे छान वाटते, पण विश्वस्त हा विश्वस्तपत्रातील आज्ञेने बांधलेला असतो. डाळिंबावर तेल्या किंवा मर रोग बळावला, किंवा झाडे म्हातारी होऊन उत्पन्न खाली आले, तर बाग काढण्यावाचून गत्यंतर नसते. ते वाक्य मी बदलावयास लावले. पीक निवडण्याचा, बाग काढण्याचा, फेरलागवड करण्याचा आणि काही काळ जमिनीस विश्रांती देऊन हिरवळीचे खत गाडण्याचा अधिकार विश्वस्तांना स्पष्ट शब्दांत द्यावा.

दुसरे, सारे उत्पन्न लाभार्थ्यावर खर्च करावे असे लिहू नये. फळबागेचे एक वर्ष चांगले तर एक वाईट असते. दरवर्षीच्या उत्पन्नातून आधी पुढील बहाराचा खर्च बाजूला काढावा. नंतर फेरलागवड आणि विहीर-मोटार दुरुस्तीसाठी ठरावीक हिस्सा राखावा आणि उरलेल्यातून लाभार्थ्याचा खर्च भागवावा. त्या बागाईतदारांनी राखीव हिस्सा पाचवा ठरवला. कोरडवाहू जमिनीस एवढा लागणार नाही, द्राक्षास कदाचित अधिक लागेल.

तिसरे, कर्ज काढण्याचा आणि जमीन तारण देण्याचा अधिकार द्यावा की नाही, ते लिहावे. तो नसेल तर पीक कर्जाला अडचण येईल. मोकळा ठेवला तर जमीन जाण्याची भीती. त्यांनी फक्त पीक कर्जापुरता आणि सर्व विश्वस्तांच्या सहीने असा अधिकार दिला. जमीन विकण्याचा अधिकार केवळ धाकट्याच्या मोठ्या आजारपणासाठी आहे आणि त्यातही प्रथम थोरल्यास विचारावयाचे आहे.

विश्वस्तांनी हिशोब ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे. यासाठी मोठी खातेवही नको. छाटणी, खते, औषधे, मजुरी, वीजबिल यांची एक वही आणि बाजारातील प्रत्येक विक्रीची पट्टी दोऱ्यात ओवून ठेवली तरी पुरे. बहार संपला की सर्व विश्वस्तांनी एकत्र बसून वहीवर सह्या कराव्यात. विश्वस्तांस मेहनताना द्यावयाचा असेल तर तो विश्वस्तपत्रात लिहावा लागतो, अन्यथा तो मागता येत नाही. एकदा जबाबदारी स्वीकारल्यावर विश्वस्तास मनास येईल तेव्हा अंग काढून घेता येत नाही. म्हणून विचारल्याशिवाय कोणाचे नाव घालू नये आणि एखादा विश्वस्त वारल्यास त्याच्या जागी कोण, तेही लिहून ठेवावे. ई-पीक पाहणीत दर हंगामी नोंद होते की नाही आणि ती बरोबर होते की नाही, याकडेही एका विश्वस्ताने लक्ष द्यावे.

लाभार्थ्याच्या मृत्यूनंतर मालमत्ता कोणाकडे जावी, हे कलम बहुतेक मसुद्यांत शेवटी आणि घाईत लिहिले जाते. तेच सर्वांत जपून लिहावे. धाकट्यानंतर बाग थोरल्याच्या व मुलीच्या मुलांना समान, असे त्यांनी ठरवले. जो सांभाळील त्यालाच सारी बाग, असा एक विचार पुढे आला होता. त्याच्या आईने तो नाकारला. सांभाळण्याचे बक्षीस मरणाला जोडू नये, असे त्यांचे म्हणणे होते. मला ते पटले.

वकिलाकडे जाताना

पुढील कागद जुळवून न्यावेत म्हणजे फेऱ्या वाचतात : सर्व गटांचे चालू सातबारा व आठ-अ, जमीन आपल्याकडे आल्याचे फेरफार, खरेदीखते, गटाचा नकाशा, विहीर-बोअरची नोंद व वीजबिल, सोसायटी व बँकेच्या कर्जाचा तपशील, कुटुंबातील सर्वांची नावे-वये आणि अपंगत्व असल्यास त्याचा दाखला. बँकेतील ठेवींवर कोणाचे नामनिर्देशन आहे तेही पाहावे. नामनिर्देशित व्यक्तीस बँक पैसे देते, परंतु ती इतर वारसांना डावलून मालक होते असे नाही. मृत्युपत्रात एक नाव आणि ठेवीवर दुसरे, असा घोळ राहू देऊ नये.

मृत्युपत्राची एक प्रत घरी, एक विश्वस्तांपैकी एकाकडे असावी आणि ती कोठे आहे हे किमान दोघांना माहीत असावे. त्या बागाईतदारांनी आपली प्रत खतांच्या बिलांच्या पत्र्याच्या पेटीत ठेवली होती. मी त्यांना ती तेथून काढावयास सांगितले. पेटीला वाळवी लागली होती.